८० खाचांचं चाक

(पडद्यावर: अंधारी खोली. पंख्याची घरघर. मग ‘खट्ट’.)

स्लाइड प्रोजेक्टरचा, म्हणजे फिल्मवरचे फोटो भिंतीवर दाखवणाऱ्या यंत्राचा, हा आवाज ज्यांच्या कानात बसलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. जुनी स्लाइड वर ढकलली जाते. गोल ट्रे एक घर पुढे सरकतो, नवी आपल्याच वजनानं खाली घसरते. मध्ये सेकंदभर खंड, आणि मग भिंतीवर कुणाचं तरी लग्न, कुणाचं तरी बाळ.

‘मॅड मेन’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या पर्वाचा शेवटचा, तेरावा भाग या यंत्राभोवती बांधलाय. त्याचं नाव ‘द व्हील’, म्हणजे चाक. एएमसी वाहिनीवर तो १८ ऑक्टोबर २००७ रोजी दाखवला गेला. लेखन मॅथ्यू वायनर आणि रॉबिन वीथ यांचं, दिग्दर्शन वायनर यांचंच. गोष्टीतला काळ नोव्हेंबर १९६०. केनेडी नुकतेच निवडून आलेत, थँक्सगिव्हिंगची सुट्टी तोंडावर आहे. न्यूयॉर्कमधली स्टर्लिंग कूपर ही जाहिरात कंपनी आणि तिच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरचं, डॉन ड्रेपरचं, ऑसिनिंग गावातलं घर, या दोन ठिकाणी गोष्ट घडते.

(पडद्यावर: गोल ट्रेचं जवळून चित्र.)

कोडॅकचा नवा प्रोजेक्टर बाजारात यायचाय. कंपनीची माणसं त्याला ‘चाक’ म्हणतात आणि तिथेच अडतात. चाक म्हणजे माणसाची जुन्यात जुनी युक्ती, त्यात नवलाई कसली दाखवायची? खऱ्या इतिहासात हा प्रोजेक्टर, म्हणजे कोडॅकचा कॅरोसेल, १९६१ मध्ये विक्रीला आला, त्यामुळे १९६० च्या अखेरीस नावावर खल चाललेला दाखवणं काळाशी जुळतं. जुळत नाही ते एवढंच की कोडॅकच्या जाहिराती त्या काळात जे. वॉल्टर थॉम्पसन ही जाहिरात कंपनी करत असे.  पण मालिकेला आपली कंपनी हवी होती, आणि ही सूट रास्त आहे.

आता यंत्राकडे जरा नीट बघू, कारण प्रसंगाची अर्धी ताकद तिथून येते.

कॅरोसेलच्या नेहमीच्या ट्रेमध्ये ८० खाचा. प्रत्येकीत दोन बाय दोन इंचांच्या चौकटीत बसवलेली ३५ मिलिमीटरची एक स्लाइड. ट्रेच्या तळाशी पत्र्याची चकती असते आणि तिला एकच फट. ट्रे फिरतो, चकती जागीच राहते. फटीवर आलेली स्लाइड दिवा आणि भिंगाच्या मधल्या जागेत पडते, आणि तिची पाळी संपली की खालून एक दांडा तिला परत तिच्या खाचेत उचलतो. आधीच्या बऱ्याच प्रोजेक्टरांत स्लाइड आडवी ढकलावी लागे, तिथे ती अडकायची. इथे ढकलायचं काम गुरुत्वाकर्षणावर सोपवलंय.

भिंग चित्र उलटं करतं, म्हणून स्लाइड डोकं खाली करून घालायची. यंत्राच्या मागे पडद्याकडे तोंड करून उभं राहायचं, स्लाइड सुलट दिसेल अशी धरायची आणि तशीच खाली डोकं वर पाय करायची. सुलट धरली असताना डाव्या खालच्या कोपऱ्यावर पेनानं एक ठिपका काढून ठेवावा. ट्रे भरल्यावर सगळे ठिपके बाहेरच्या कडेला एका ओळीत दिसले, की काम बरोबर. एखादा ठिपका गायब असेल, तर भर कार्यक्रमात काका शीर्षासन करताना दिसणार.

बिघाड बहुतेक पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे होतो. कोपरा दुमडला, कड फुगली, की स्लाइड खाली पडतच नाही किंवा पडली तर वर येत नाही. अशा वेळी जोर लावायचा नाही. ट्रेच्या मधोमध एक स्क्रू असतो, तो नाण्यानं फिरवायचा, ट्रे सरळ वर उचलायचा आणि अडकलेली स्लाइड बोटांनी काढायची. शून्याच्या घराखेरीज इतरत्र ट्रे सुटण्याचा हा एकच मार्ग. मात्र ट्रे पुन्हा बसवण्याआधी तळाची चकती फिरवून शून्यावर आणायला विसरलात, तर तो बसणार नाही. आणि वरची कडी घट्ट न लावता ट्रे उपडा झाला, तर ८० स्लाइड फरशीवर. पुढे १४० स्लाइडचा ट्रेही निघाला. त्याच्या खाचा इतक्या अरुंद, की जराशी वाकलेली चौकट अडकलीच म्हणून समजा. मुरलेले लोक ८० चाच वापरत.

दुसरी खोड उष्णतेची. सुरुवातीच्या यंत्रांत ५०० वॅटचा दिवा असायचा. थंड फिल्म त्याच्यासमोर आली की दोन-चार सेकंदांत तापून फुगते, आणि नुकतंच स्पष्ट केलेलं चित्र डोळ्यांदेखत धूसर होतं. काचेच्या चौकटीत फिल्म सपाट राहते, पण काचेत दमट हवा कोंडली की बुरशी धरते. मुंबईच्या पावसाळ्यात स्लाइड जपणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवा बंद केल्यावर पंखा मात्र काही मिनिटं चालू ठेवायचा. तापलेला दिवा तसाच हलवला, तर त्याचं आयुष्य घटतं.

(पडद्यावर: बैठकीची खोली. दिवे मालवले जातात.)

डॉन ड्रेपर, म्हणजे जॉन हॅम, यातलं काहीच सांगत नाही. तो टेडी नावाच्या एका ग्रीक सहकाऱ्याची आठवण काढतो. त्या टेडीच्या म्हणण्याप्रमाणे ‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दाचा ग्रीक अर्थ जुन्या जखमेची वेदना. हा अर्थ चुकीचा आहे. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. त्यात जखम कुठेच नाही. शिवाय हा जोडशब्द प्राचीन ग्रीकांचा नाहीच. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं तो १६८८ मध्ये बासेलला आपल्या प्रबंधासाठी घडवला, घराच्या ओढीनं आजारी पडणाऱ्यांसाठी. लेखकांनी ही चूक जाणून केली की नकळत, त्यानं फारसं बिघडत नाही. जाहिरातवाला शब्दाचा अर्थ कामापुरता वाकवतो, आणि इथे तो बेमालूम वाकवलाय.

मग स्लाइड सुरू होतात. मुलं, डॉनची गरोदर बायको बेटी, उंबरठ्यावरून उचलून नेलेली नवरी. डॉन एकदाही ‘ही माझी बायको’ म्हणत नाही. तो फक्त यंत्राबद्दल बोलतो, हे काळात मागेपुढे नेणारं यंत्र आहे, म्हणतो, आणि चित्रं आपापलं काम करतात. वाक्य आधी संपतं, ‘खट्ट’ नंतर होतं. त्या मधल्या खंडात समोरचा माणूस आपलं स्वतःचं चित्र भरून घेतो. डेव्हिड कार्बोनारा यांचं संगीत हळूच खालून येतं, पण ट्रेचा आवाज बुडवत नाही. संकलनातला हा संयम मला भाषणापेक्षा मोठा वाटतो. शेवटी नाव येतं: कॅरोसेल, जत्रेतलं फिरतं घोड्यांचं चक्र. डॉनचा सहकारी हॅरी क्रेन रडत खोलीबाहेर पळतो. बायकोशी केलेली प्रतारणा कबूल करून बसल्यामुळे तो सध्या कचेरीतच झोपतोय. दुसरा सहकारी डक फिलिप्स कोडॅकवाल्यांना पुढच्या बैठकीसाठी शुभेच्छा देतो. इतकं कोरडं यश दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसतं.

पण हा ट्रे लग्नापर्यंतच मागे जातो. त्याआधीची चित्रं त्यात नाहीत, कारण त्याआधी डॉन ड्रेपर नव्हता, डिक व्हिटमन होता, हे त्याचं खरं नाव. ती चित्रं वेगळ्या खोक्यात आहेत, कागदावर छापलेली. खोका पाठवलाय ॲडमनं, त्याच्या सावत्र भावानं, ज्याला डॉननं ५,००० डॉलर देऊन आयुष्यातून बाहेर काढलं होतं. याच भागात डॉन भावाच्या हॉटेलवर फोन लावतो. कळतं की ॲडमनं गळफास घेतला. कोडॅकसमोरचं भाषण त्यानंतरचं आहे. हा क्रम लक्षात ठेवून तो प्रसंग पुन्हा पाहा.

(पडद्यावर: टेलिफोनचं बिल.)

घरी दुसरंच कागदपत्र बोलतंय. त्या काळी अमेरिकेत साधे स्थानिक कॉल बिलावर वेगळे दाखवत नसत, पण जास्त दराचे लांबचे कॉल आकड्यांसह छापून येत. ऑसिनिंगहून न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनला केलेले कॉल असेच उघडे पडतात. शेजारीण फ्रान्सिनला नवऱ्याचं प्रकरण बिलावरून कळतं. मग बेटीही आपलं बिल उघडते, एक नंबर फिरवते, आणि पलीकडून तिचाच मानसोपचारतज्ज्ञ बोलतो. त्यानंतर ती त्याच्यासमोर जे बोलते, ते नवऱ्याच्या कानावर जाणार हे माहीत असूनच बोलते. प्रोजेक्टरच्या प्रसंगाला टाळ्या मिळाल्या, लेखनाचं खरं कौशल्य इथे आहे. एकाच घरातल्या दोघांना एकेक पुरावा मिळतो, तोही एकमेकांशी न बोलता.

(पडद्यावर: संध्याकाळची गाडी. घराचा दरवाजा.)

शेवटी डॉन घरी येतो. बेटी आणि मुलं निघायच्या तयारीत आहेत, आणि तो म्हणतो, मीही येतो. मुलं धावत येतात. मग तोच दरवाजा, तीच आत येण्याची चाल पुन्हा. या वेळी घर रिकामं. पहिलं आगमन त्यानं आगगाडीत बसून मनात रंगवलं होतं. तो जिन्यावर बसतो, कॅमेरा मागे सरकतो. वर बॉब डिलनचं गाणं लागतं, तेही १९६३ चं, म्हणजे गोष्टीच्या काळाला अडीच वर्षं पुढचं.

ट्रेमध्ये ८० नंतर पुन्हा शून्य येतं. शून्याच्या घरात स्लाइड नसते. रिकाम्या घरावर जुन्या यंत्रांत पडदा नुसता पांढरा होतो. कोडॅकनं २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं.

(पडद्यावर: दिवा विझतो. पंखा चालूच.)