पहिलं पान गरोदर सुनेचं

श्रोतेहो, नमस्कार. माझं बोलणं तुम्ही बहुतेक चहाचा कप हातात घेऊनच ऐकत असाल. तुम्ही प्या खुशाल. पण घरात कुणी पोटुशी असेल आणि तिचं नुकतंच जेवण झालं असेल, तर तिचा कप तासभर लांब ठेवा. जेवणातलं लोह अंगी लागायच्या आतच चहा त्याला अडवतो. आपल्या सांगली-साताऱ्याकडं भाकरी संपते न संपते तोच चुलीवर आधण चढलेलं असतं, म्हणून आधी हेच सांगितलं.

घरभेटींना जायचे, तेव्हा मी बायांना एक प्रश्न हमखास विचारायची. काय खाल्लंस, हा नव्हे. कितव्यांदा जेवलीस, हा. तासगावकडच्या एका घरी मेथीची भाजी झालेली, मटकीची उसळ झालेली. सासूबाईंनी मोठ्या कौतुकानं सांगितलं मला. सातव्या महिन्यातली सून मात्र भाकरी आणि ठेच्यावर जेवली होती. पुरुषमाणसं झाली, पोरं झाली, तोवर पातेली रिकामी. त्या घरात कशाची कमी नव्हती, फक्त तिचं पान शेवटचं होतं.

दोन जिवांची आहेस, दुप्पट खा, असंही म्हणतात. तेवढं लागत नाही. दुसऱ्या तिमाहीपासून रोज साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे अर्धी भाकरी, वाटीभर आमटी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. एवढंच! कोरेगावचा घेवडा, मोड आलेली कडधान्यं, अंडं, दूध, त्यातलं परवडेल ते. पालेभाजीवर लिंबू पिळायला विसरू नका, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं. 'जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि अडेल', या भीतीनं शेवटच्या महिन्यांत सुनेचा घास कमी करणाऱ्या आज्यांना माझा हात जोडून नमस्कार. पण त्यांचं ऐकू नका. कच्ची पपई नको म्हणतात, ते मात्र ऐका.

आता लाल गोळी. बेदाणे आपल्याच तासगावचे, गूळ आपल्याच गुऱ्हाळाचा, दोन्ही खा. पण रक्त वाढवायला तेवढ्यावर विसंबू नका. आशाताई देतात त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. शी काळी होते म्हणून कितीतरी जणी गोळ्या फळीवरच्या डब्यात टाकून देतात. काळी होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या. कॅल्शियमची गोळी किंवा दूध तिच्याबरोबर नको. मध्ये दोन तास जाऊ द्या.

माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते का? डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. बऱ्याचदा रक्त कमी असल्याची ती खूण असते. लाजू नका, नर्सताईंना सांगा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. हिमोग्लोबिनचा आकडा नुसता कार्डावर लिहून घेऊ नका, विचारा. ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. ७ च्या खाली असेल तर घरी न परतता डॉक्टर सांगतील त्या मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी जा. आणि जाताना सासूबाईंना बरोबर न्या; तो आकडा त्यांच्याही कानावर पडू दे.

नमस्कार.