पंखा फिरतोय तोवर

नमस्कार श्रोतेहो.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबईहून हैदराबादला निघालेलं एक हेलिकॉप्टर आपल्या मुळशीत, पौडजवळ कोसळलं. आतले चौघेही वाचले. मग २ ऑक्टोबरला सकाळी धुक्यात बावधनच्या डोंगराळ भागात दुसरं पडलं, त्यात तिघे गेले. अशा वेळी बंब पोचायच्या आधी धावतात ते आसपासचे गावकरी. आज मी बोलतोय ते तुमच्याशीच.

हेलिकॉप्टर पडलं म्हणजे इंजिन बंद पडलंच, असं नसतं. इंधन मिळतंय तोवर ते चालू राहू शकतं आणि पंखाही फिरत राहतो. वरचा मोठा पंखा मिनिटाला साधारण ३०० ते ४०० फेरे घेतो. ऐकायला हे कमी वाटेल, पण पात्याचं टोक ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास जात असतं. ते पातं दगडावर, झाडावर आपटलं की त्याचे तुकडे लांबवर उडतात. शेपटीचा छोटा पंखा तर इतका जोरात फिरतो की तो डोळ्यांना दिसतच नाही. तिथे मोकळी जागा आहे असं वाटतं आणि माणूस सरळ आत चालत जातो. म्हणून शेपटीकडे कधीही, कुठल्याही कारणाने जायचं नाही.

सगळ्यात फसवी वेळ पुढे येते. आवाज उतरायला लागतो, कुणीतरी म्हणतं, ‘बंद होतंय, चला!’ वेगात असताना पाती ताठ असतात. वेग उतरला की त्यांची टोकं खाली लवतात आणि वाऱ्याची झुळूक आली तर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येऊ शकतात. त्यात हेलिकॉप्टर उतारावर कललेलं असेल, तर चढाकडच्या बाजूला पातं जमिनीलगतच फिरत असतं. त्यामुळे पाती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी दिसेपर्यंत लांब, दगडाच्या किंवा बांधाच्या आडोशाला थांबा. आतून माणूस हाक मारतोय आणि आपण उभं राहायचं, हे किती जड जातं ते मी जाणतो. तरीही थांबा, कारण तुम्ही पडलात तर त्याला बाहेर काढायला कोण उरेल?

वैमानिक शुद्धीवर असेल तर बहुतेक वेळा इंजिन तोच बंद करतो. त्याला दिसाल असे समोर, अंतर ठेवून उभे राहा आणि त्याच्या हाताच्या खुणेकडे लक्ष द्या. त्या आवाजात ओरडून काही ऐकू जात नाही. कुणी भेदरून बाहेर पडला आणि शेपटीकडे वळला, तर दोन्ही हात हलवून त्याला पुढच्या बाजूला बोलवा. टोपी, उपरणं, ओढणी, ताडपत्री यांतलं काहीही मोकळं ठेवू नका, वारा ते पंख्यात ओढून नेतो. पावसात छत्री उघडू नका, काठीही उभी धरू नका.

पाती थांबल्यावर वारा पाठीवर घेऊन जवळ जा. सांडलेलं इंधन उताराने वाहतं, तेव्हा खालच्या ओघळीतून जाऊ नका. बहुतेक हेलिकॉप्टरच्या इंधनाला रॉकेलसारखा वास येतो. तो आला की विडी, काडी, सुरू असलेली मोटरसायकल, सगळं दूर. इंजिनाचा धूर बाहेर टाकणारा नळ बराच वेळ भाजण्याइतका तापलेला असतो. आग नसेल तर जखमीला ओढून काढू नका, मान आणि पाठ जपायची असते. त्याच्याशी बोलत राहा. माणसं वाचवण्यापुरतं जे हलवावं लागेल तेवढंच हलवा. बाकीचे तुकडे विमान अपघात अन्वेषण ब्यूरोच्या तपासाला लागतात, ते उचलून घरी नेऊ नका.

आणि हे सगळं चालू असताना एकाने ११२ ला फोन लावायचा. ‘हेलिकॉप्टर पडलंय’ असं स्पष्ट सांगायचं, म्हणजे अग्निशमन दल फोम घेऊन निघेल. इंजिन चालू आहे का, किती माणसं दिसतात, जवळचं देऊळ किंवा शाळा कोणती, हेही सांगा. दुसऱ्याने फाट्यावर जाऊन उभं राहायचं. आमच्या वाड्यांच्या वाटा बाहेरच्या चालकाला सापडत नाहीत. रात्र असेल तर हातात बॅटरी असू द्या.