‘चार नेम वीस’: कोडमधली आखूड नावं तोंडाने सांगताना

(दृश्य: कॉम्प्युटर लॅब. पडद्यावर निळा एडिटर. एक मुलगा जर्नलमधून वाचतो आहे, शेजारची मुलगी टाइप करते आहे.)

जुळे सोलापुरातली एक लॅब. सी भाषेच्या प्रॅक्टिकलचा पहिलाच आठवडा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं, अशा जोड्या बसल्या आहेत. वाचणारा म्हणतो, ‘चार नेम वीस.’ पडद्यावर उमटतं ४, त्यापुढे नेम, त्यापुढे २०.

लिहायचं होतं ते असं: सी-एच-ए-आर, एक मोकळी जागा, नेम, आणि चौकटी कंसात २०. म्हणजे वीस अक्षरांची जागा राखून ठेवायची. वाचणाऱ्याने नीट वाचलं, ऐकणारीने नीट ऐकलं. पण मराठी कानाला ‘चार’ म्हणजे ४, तिथे दुसरा अर्थ सुचतच नाही.

(दृश्य: कीबोर्डवरची बोटं, जवळून.)

कोडमधली ही नावं बोटांसाठी घडली, जिभेसाठी नाही. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि सी भाषा जिथे जन्मली त्या अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत सुरुवातीला काम चालायचं टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रावर. मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरं छापायचं. कळा जड, कागद खडखडत पुढे सरकणार. तिथे एकेक अक्षर वाचवण्याला किंमत होती.

दुसरं कारण त्याहून जुनं आहे. आयबीएम ७०४ या संगणकाचा एक शब्द ३६ बिटांचा. एका अक्षराला ६ बिट, म्हणजे एका शब्दात बरोबर सहा अक्षरं. १९५७ च्या फोरट्रान या भाषेत नावाची मर्यादा म्हणूनच सहा अक्षरांची होती. ही सहाची सवय कोडचे सुटे तुकडे जोडणाऱ्या लिंकर नावाच्या प्रोग्रॅममध्ये पुढे बरीच वर्षं मुरली. १९८९ मध्ये सी भाषेचं ॲन्सी, म्हणजे अमेरिकी मानक संस्थेचं मानक आलं, तेव्हाही लिंकरपर्यंत जाणाऱ्या नावांबाबत हमी होती ती पहिल्या सहा अक्षरांपुरतीच, आणि तीसुद्धा कॅपिटल-स्मॉलचा भेद न धरता. १९९९ च्या मानकात ही मर्यादा ३१ वर गेली. तोवर नावं ठरून गेली होती.

(दृश्य: फळ्यावर एकाखाली एक तीन नावं. पहिल्या सहा अक्षरांनंतर खडूची उभी रेघ.)

हे फळ्यावर बघा. सी भाषेत मजकूर हाताळणाऱ्या तीन फंक्शनांची नावं. एस-टी-आर-एन-सी-पी-वाय. एस-टी-आर-एन-सी-एम-पी. एस-टी-आर-एन-सी-ए-टी. तिन्ही नावं सात अक्षरांची. आता सातवं अक्षर झाका. एसटीआरच्या पुढे उरतं एनसीपी, एनसीएम, एनसीए. सहाव्या अक्षरालाच तिघं वेगळी झाली. सातवं अक्षर लिंकरने टाकून दिलं तरी गोंधळ होत नाही.

फक्त ते उच्चारायचं कसं, हे कोणी सांगितलं नाही.

‘स्त्र’ मराठी जिभेला नवीन नाही. वस्त्र, शस्त्र, मिस्त्री आपण सहज म्हणतो. अडचण येते ती पुढच्या सीएमपी, सीपीवायला, कारण तिथे स्वरच नाही. त्यामुळे लॅबमध्ये तीन तऱ्हा ऐकू येतात. कोणी अक्षरं सुटी सांगतं: एस-टी-आर-सी-एम-पी. कोणी अर्धं गिळतं: ‘स्टर-कंप’. आणि बहुतेक शिक्षक पूर्ण शब्द म्हणतात: ‘स्ट्रिंग कंपेअर’.

पूर्ण शब्द म्हणण्यात अर्थ कळतो, ही मोठी जमेची बाजू आहे. पहिल्यांदा शिकवताना तसंच सांगावं. पण स्पेलिंग हरवतं, आणि कधी कधी एखादं महत्त्वाचं अक्षरही. एस-टी-आर-सी-पी-वाय म्हणजे ‘स्ट्रिंग कॉपी’. मधे एन असलेलं भावंडसुद्धा घाईत ‘स्ट्रिंग कॉपी’च होतं. या दोघांच्या कामात फरक आहे. पहिलं फंक्शन डोळे मिटून सगळं उतरवतं. जागा सातची आणि मजकूर दहाचा असला तरी ते थांबत नाही, शेजारच्या मेमरीवर लिहून मोकळं होतं. एनवालं फंक्शन सांगितलेल्या संख्येपाशी थांबतं. मात्र तेही पूर्ण सुरक्षित नाही.

(दृश्य: सात चौकोनांची पट्टी. एकेका चौकोनात एस, ओ, एल, ए, पी, यू, आर.)

सोलापूर हे नाव इंग्रजीत सात अक्षरांचं. सात घरांची जागा घेतली आणि एनवाल्या कॉपीला ‘सात’ सांगितलं, तर सातही घरं भरतात. शेवटचा शून्य, ज्याला नल कॅरेक्टर म्हणतात, तो लिहायला घरच उरत नाही. मग छापताना प्रिंट-एफ थांबत नाही, सोलापूरच्या पुढे मेमरीतला जो काही कचरा असेल तो दाखवतं. म्हणून घरं आठ हवीत, आणि आठव्या घरात शून्य आहे ना, हे आपण बघायचं. तोंडी सांगताना ‘स्टर, एन, कॉपी’ असे तीन तुकडे पाडावेत. एनवर जोर द्यावा, तो एकटा ऐकू आला पाहिजे.

‘स्ट्रिंग कंपेअर’मध्ये वेगळाच धोका आहे. नाव ऐकून वाटतं की दोन शब्द सारखे असले तर उत्तर ‘हो’ मिळेल. मिळतो शून्य. आणि सी भाषेत शून्य म्हणजे ‘नाही’. त्यामुळे इफच्या कंसात नुसतं हे फंक्शन ठेवलं की अट उलटी चालते: पासवर्ड चुकला की आत घेणार, बरोबर असला की बाहेर ठेवणार. वाचून दाखवताना ‘स्ट्रिंग कंपेअर, डबल इक्वल, शून्य’ असं शेपटासकट वाचावं. शेपूट तोंडात बसलं की हातातूनही सुटत नाही.

(दृश्य: लाल अक्षरांत एरर. मुलं वाकून बघताहेत.)

पहिल्याच ओळीत अडकणारी चूक मात्र दुसरीच आहे. एस-टी-डी-आय-ओ, डॉट, एच. स्टँडर्ड इनपुट आउटपुट. घाईने म्हटलं की ‘स्टुडिओ’ होतं आणि टाइपही स्टुडिओच होतं. कोड तपासून त्याचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर सांगतो, अशी फाईल नाही. मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘स्टुडिओ नाही बे, एसटीडी म्हण की!’ हा सल्ला चोख आहे. एसटीडी ही तीन अक्षरं एकत्र म्हणायची सवय फोनबूथच्या काळापासून मराठीत आहे. ‘एसटीडी, आय ओ’ म्हटलं की चूक होत नाही. एसटीडी-लिबसुद्धा याच चालीवर.

टर्बो सी हा जुना कंपायलर वापरणाऱ्या लॅबमध्ये आणखी एक आहे, सी-एल-आर-एस-सी-आर. सगळे याला ‘क्लिअर स्क्रीन’ म्हणतात आणि नवीन मुलगा ते पूर्ण स्पेलिंगने लिहितो. सी म्हणून कंपाइल केलं तर चूक लिंक करताना उघडी पडते: अनडिफाइन्ड सिम्बॉल. मुलगा सेमीकोलन शोधत बसतो, कारण ओळ त्याला बरोबर दिसते. युनिक्समध्ये नवी फाईल बनवणाऱ्या सी-आर-ई-ए-टी या कॉलचं असंच. उच्चार ‘क्रिएट’, पण शेवटी ई नाही. युनिक्स पुन्हा लिहायची झाली तर काय बदलाल, असं युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक केन थॉम्पसन यांना विचारलं होतं. ते म्हणाले, त्या नावात ई घालीन.

(दृश्य: दोन नावं शेजारी शेजारी. एकात टी-ओ ही अक्षरं पिवळी, दुसऱ्यात २ हा आकडा पिवळा.)

आता दोन फंक्शनं कानाने ऐका. ‘ए टू आय.’ ‘ए टॅन टू.’

पहिल्यातला टू म्हणजे टी आणि ओ ही अक्षरं. ए-टी-ओ-आय, आस्की टू इंटिजर, मजकूर म्हणून लिहिलेल्या आकड्यांची संख्या करणारं. दुसऱ्यातला टू म्हणजे खराखुरा आकडा २. एटॅन-२ कोन काढतं, आणि त्यात आधी वाय द्यायचा, मग एक्स. कानाला दोन्ही टू सारखेच. इंग्रजीत बोलणाऱ्याला इथे फोड करून सांगावं लागतं.

मराठीत तोडगा हाताशी आहे. अक्षरं असतील तर टू म्हणा, आकडा असेल तर दोन म्हणा. ‘ए टू आय’, पण ‘ए टॅन दोन’. युनिक्सचं डी-यू-पी-२ म्हणजे ‘डुप दोन’. फॉर लूप आणि आकडा फोर यांचाही घोळ असाच मिटतो. सोलापूरच्या लॅबमध्ये घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारी मुलं असतात. तीही बाजारात, रिक्षात मराठी आकडे ऐकत-बोलत वाढलेली असतात, त्यामुळे ही पद्धत सगळ्यांना झेपते.

फक्त मोठे आकडे सुटे सांगायचे. दोनशे छप्पन्न न म्हणता दोन-पाच-सहा. त्रेपन्न, छप्पन्न, एकोणसाठ, एकोणसत्तर ऐकून लगेच टाइप करणं अवघड जातं. मराठीत एकक आधी येतं आणि कीबोर्डवर दशक आधी दाबायचं असतं. साठ आणि सातचा गोंधळही सहा-शून्य म्हटलं की संपतो.

पण आकडे मराठीत म्हणायचे ठरवलं, की ‘चार’ शब्द आकड्याचा झाला. मग सी-एच-ए-आरला तो वापरता येणार नाही. सी प्लस प्लसचे जनक ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप हे नाव ‘चार’ असंच उच्चारतात, ‘कार’ नाही. इंग्रजीत ते चालतं, कारण तिथे ४ ला फोर म्हणतात. कन्नडमध्ये ४ म्हणजे नाल्कु, तेलुगूत नालुगु, तिथेही टक्कर नाही. मराठी आणि दखनीत आहे. म्हणून मराठी लॅबमध्ये ‘कॅरेक्टर’ असा पूर्ण शब्द म्हणावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुलाखतीला पुण्या-मुंबईला गेल्यावर ‘चार’ ऐकू आलं तर ओळखता आलं पाहिजे, हे मुलांना सांगून ठेवलं की झालं.

एका ठिकाणी मराठी आकडेही हात देत नाहीत. सी प्लस प्लसमध्ये ओळ संपवणारं ई-एन-डी-एल. शेवटचा एल पडद्यावर १ सारखा दिसतो, आणि फोनवर ‘एल’ आणि ‘एक’ जवळजवळ सारखे ऐकू येतात. इथे ‘एंड, लाइनचा एल’ असंच म्हणावं.

(दृश्य: कानाला फोन लावून बसलेली प्रोग्रॅमर.)

फोनची गोष्ट वेगळी असते. साध्या टेलिफोनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. एस आणि एफ यांच्यातला फरक बराचसा त्याच्या वर असतो. म्हणून एस-प्रिंट-एफ आणि एफ-प्रिंट-एफ फोनवर एकच वाटतात. पहिलं मजकूर मेमरीत लिहितं, दुसरं फाईलमध्ये. ‘स्ट्रिंगचं प्रिंट-एफ’, ‘फाईलचं प्रिंट-एफ’ म्हटलं की शंका उरत नाही.

मेमरीत जागा मागून घेणाऱ्या मॅलॉक आणि कॅलॉकचंही तसंच. मॅलॉक एकच आकडा घेतं, एकूण बाइट किती. कॅलॉक दोन घेतं, किती वस्तू आणि एकेक केवढी. आकडे कमी-जास्त झाले तर कंपायलर अडवतो. पण सांगणाऱ्याने कॅलॉक सांगितलं आणि ऐकणाऱ्याने गुणाकार करून मॅलॉक लिहिलं, तर कंपायलर गप्प राहतो. कॅलॉकची जागा शून्यांनी भरून मिळते, मॅलॉकच्या जागेत आधीचं काहीही असू शकतं. बेरीज कधी बरोबर येते, कधी चुकते, आणि अख्खी दुपार शोधण्यात जाते. ‘शून्यवालं कॅलॉक’ एवढं म्हणायला एक सेकंद लागतो.

डेटाबेसची भाषा एसक्यूएल सुटी अक्षरं म्हणून वाचायची की ‘सीक्वेल’ म्हणायचं, यावरून वाद घालण्यात मात्र काही अर्थ नाही. १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी मांडलेलं नाव सीक्वेलच होतं, ट्रेडमार्कमुळे ते आखूड झालं. दोन्ही उच्चार चालतात, टाइप करताना दोन्हींची तीनच अक्षरं होतात.

(दृश्य: हेडफोन लावलेला विद्यार्थी. पडदा बंद आहे.)

आणि ज्याला पडदा दिसतच नाही, त्याच्यासाठी उच्चार हेच सगळं कोड असतं. एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर कोड मोठ्याने वाचतं. नंबरपॅडवरचा ५ एकदा दाबला की चालू शब्द वाचतं, दोनदा दाबला की स्पेलिंग, तीनदा दाबला की प्रत्येक अक्षराला शब्द जोडून. त्यातल्या स्पीच डिक्शनरीत आपला उच्चार घालता येतो. सी-एच-ए-आरच्या जागी कॅरेक्टर घालायचं असेल तर प्रकार ‘पूर्ण शब्द’ निवडावा. ‘कुठेही’ ठेवलं तर चार्ज, चार्ट या शब्दांच्या पोटातली तीच चार अक्षरं बदलतात आणि वाक्य कळेनासं होतं. आवाज इंग्रजी असेल तर बदली शब्दही रोमन लिपीत लिहावा, देवनागरी त्याला वाचता येईलच असं नाही.

(दृश्य: पुन्हा तीच जोडी. नवी ओळ.)

वाचणारा सावकाश सांगतो आहे.

‘कॅरेक्टर, जागा, सिटी. चौकटी कंस, आठ, कंस बंद. सेमीकोलन. खालच्या ओळीवर स्टर-कॉपी, एन नाही. साधा कंस, सिटी, स्वल्पविराम, डबल कोटात सोलापूर, सगळं कॅपिटल. कंस बंद, सेमीकोलन.’

शाळेत गणितात शिकलेले साधा, महिरपी आणि चौकटी हे तीन कंस इथे जसेच्या तसे उपयोगी पडतात. नुसतं ‘ब्रॅकेट’ म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, कुठला?

तिने विचारलं नाही. प्रोग्रॅम चालवला. काळ्या पडद्यावर सात अक्षरं आली आणि त्यांच्यामागे काहीच नाही.