खडा फुटतो तेव्हा

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, घरी गेल्यावर खडीसाखरेचा एक खडा खलात ठेवा आणि बत्त्यानं दाबा. ठोकू नका, नुसता दाबा. त्याचा लगेच चुरा होत नाही. आधी कट्‌ आवाज येतो आणि दोन-तीन शकलं होतात. दाबला वरून-खालून, फाटला मात्र मधून, उभा. कारण वरून-खालून दाब आला की खड्याचं पोट बाजूंना सुटू पाहतं, आत ताण येतो. आणि दगड दाब भरपूर सोसतो, ताण फार कमी. वाळूचा कण असाच फुटतो, खडीचा दगडही असाच फुटतो.

कॉलेजात आम्ही शिकलो ते निराळं. भार आला की कण एकमेकांवरून सरकतात, पोकळ्या भरतात, थर दबतो, आणि कण मात्र जसाच्या तसा राहतो. घराच्या पायापुरतं हे चालून जातं. मोठ्या भाराखाली चालत नाही.

एक हिशेब करू. समजा ८० मीटर उंचीचा दगडी भराव आहे. घनमीटरला २ टन धरले तर तळाशी चौरस मीटरवर १६० टन, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर १६ किलो. आपल्या सह्याद्रीचा चांगला काळा दगड चौरस सेंटिमीटरला हजार किलोच्या वर सोसतो. मग १६ किलोला तो फुटावा का? पण भराव म्हणजे अखंड कातळ नव्हे. ३० सेंटिमीटरच्या एका दगडाच्या वाट्याला ९०० चौरस सेंटिमीटरचा भार येतो, म्हणजे १४ टनांहून जास्त. हा भार तो उचलतो चार-पाच टोकांवर, जिथं शेजारचे दगड टेकलेत तिथं. शिवाय भार सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. काही दगडांच्या साखळ्या बहुतेक ओझं वाहतात आणि त्यांच्या शेजारी काही दगड निवांत बसलेले असतात. सरकारी कचेरीत असतं तसंच.

आता एक गंमत. मोठा दगड कमजोर की छोटा? मोठा. त्याच्या पोटात चिरा असण्याची शक्यता जास्त, म्हणून भराव टाकल्यावर आधी मोठ्यांचे कोपरे उडतात, काही दुभंगतात. पण पुढं चित्र उलटतं. तुकडे आणि चुरा मोठ्या दगडाभोवती जमतो, त्याला चहूबाजूंनी टेकू मिळतो, आणि सगळीकडून सारखा दाब आला की पोटातला ताण कमी होतो. पेंढ्यात घातलेल्या आंब्यासारखा तो वाचतो. छोट्याला मात्र दोन-तीनच शेजारी, म्हणून तोच पुन्हा पुन्हा फुटतो. त्यामुळे कितीही दाबलं तरी सगळ्याचं पीठ होत नाही. मोठे शिल्लक राहतात आणि बारीक वाढत जातं.

हे मोजायचं कसं? मेक्सिकोत एल इन्फिएर्निलो नावाचं १४८ मीटर उंच दगडी भरावाचं धरण आहे. त्या कामाच्या निमित्तानं मार्सल या अभियंत्यानं १ मीटर १३ सेंटिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर उंचीचा नमुना मावेल असं यंत्र वापरलं. माल दाबण्याआधी चाळायचा, दाबल्यावर पुन्हा चाळायचा, आणि कुठल्या चाळणीवर किती फरक पडला ते मांडायचं. इतकं साधं! पुढं १९८५ मध्ये हार्डिन या संशोधकानं सुचवलं की ०.०७४ मिलिमीटरखालचा कण सहसा फुटत नाही असं धरावं, आणि त्या मापापर्यंत फुटायला मालाला जेवढा वाव होता त्यातला किती हिस्सा फुटला ते बघावं.

फुटण्याचे परिणाम दोन. घट्ट वाळू सरकताना कणाला शेजाऱ्यावर चढावं लागतं, त्यातून तिला जादा ताकद मिळते. चढण्याऐवजी कणच फुटला तर ती ताकद गेली. दुसरा परिणाम पाण्याचा. हेझनच्या नियमानं पाणी पाझरण्याचा वेग बारीक कणांच्या मापाच्या वर्गावर, म्हणजे माप गुणिले माप यावर, ठरतो. ते माप निम्मं झालं तर पाझर चौथ्या हिश्शावर येतो. धरणाच्या पोटातल्या, पाणी वाहून नेणाऱ्या गाळणीच्या थरात असं झालं तर काय होईल, ते इथल्या पाटबंधारेवाल्यांना सांगायला नको.

पुणे-मिरज लोहमार्गाची खडी बघा. रेल्वे ती मुद्दाम एकाच घरातली घेते, साधारण ६५ ते २० मिलिमीटरची, पाणी निघून जावं म्हणून. पण बारीक माल नाही म्हणजे पेंढा नाही. गाड्या जात राहतात, कोपरे उडत राहतात, चुरा साठतो, आणि मग रुळाखालची खडी काढून चाळावी लागते. रस्त्याच्या खडीची आघात चाचणी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केली असेल: सुमारे १४ किलोचा हातोडा, ३८ सेंटिमीटरवरून, १५ ठोके. ती दगडाची परीक्षा आहे, ढिगाची नाही. एकाच खाणीचा दगड एका ढिगात टिकतो, दुसऱ्यात फुटतो.

पाण्याबद्दल स्वतःचाच अनुभव सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा कालव्याकडेच्या एका रस्त्याला मुरूम टाकायचा होता. खाणीवरचा चाळणीचा रिपोर्ट चोख. मुरूम टाकला, पाणी मारलं, रोलर फिरवला, दबाई उत्तम आली. पहिल्या पावसाळ्यात त्याचा राडा झाला. मी रिपोर्ट काढून दाखवू लागलो तर मुकादम म्हणाला, ‘‘साहेब, तो खाणीतल्या मुरमाचा. रोलरनं दळला की तो.’’ कुजलेला दगड होता. निम्मा रोलरखाली फुटला, उरलेला भिजल्यावर. पाणी चिरेच्या टोकाशी पोचलं की चीर लवकर वाढते. कॅलिफोर्नियाच्या कॉग्सवेल धरणात कोरडा टाकलेला दगडी भराव १९३३ च्या शेवटच्या मोठ्या पावसानं असाच अचानक खचला होता. मला मात्र ते कळलं मुकादमाकडून.

व्याख्यानानंतर एका ठेकेदारानं विचारलं, ‘‘मग बिल कुठल्या चाळणीवर काढायचं, आधीच्या की नंतरच्या?’’ बिल मोजमाप पुस्तकावरच निघेल, म्हटलं. पण रोलर फिरल्यावर थराला हातभर खड्डा पाडा, माल वाळवा, चाळा, आणि आधीच्या व नंतरच्या चाळणीचे आलेख एकाच कागदावर काढा. ७५ मायक्रॉनखालचा, म्हणजे ०.०७५ मिलिमीटरखालचा, माल डोळ्यांत भरण्याइतका वाढला असेल, तर पावसाळ्यात मला फोन करण्यापेक्षा आत्ताच खाण बदला.