पावाचा हंस

‘पर्सेपोलिस’ या चित्रकादंबरीतली ही चौकट नीट बघा. साल १९८०. तेहरानमधल्या एका वर्गाचा फोटो. हाताची घडी घातलेल्या चार मुली, चौघींच्या डोक्यावर नुकताच सक्तीचा झालेला हिजाब. पाचवी पार डाव्या टोकाला बसली आहे, म्हणून फोटोच्या कडेनं ती कापली गेलीय. तीच मार्जी. दहा वर्षांची. गोष्ट तिची, आणि वर्गाच्या फोटोत नेमकी तीच नाही.

मर्जान सत्रापी यांनी आपलं बालपण ‘पर्सेपोलिस’मध्ये चित्रांतून सांगितलं. पहिला भाग २००० साली फ्रान्समध्ये निघाला. आत रंग नाहीत. काळी शाई आणि कोरा कागद, बस. मार्च २०१३मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांच्या वर्गांतून हे पुस्तक काढून घेण्याचा आदेश निघाला, तेव्हा तिथले विद्यार्थीच निषेध करायला बाहेर पडले. कुठली इराणची मुलगी, आणि तिच्यासाठी ही पोरं भांडली!

मार्जी बोलायला शिकली ती अनूश काकामुळे, असं मला वाटतं. इराणचा राजा, म्हणजे शहा, देश सोडून गेला, राजकीय कैदी सुटले, त्यांत हा काका. तुरुंगात पावापासून घडवलेला एक इवलासा हंस तो पुतणीच्या हातावर ठेवतो. पण नवी इस्लामी राजवटही त्याला पकडते. भेटायला एकालाच परवानगी असते आणि तो मार्जीचं नाव सांगतो. दहा मिनिटांची भेट. निघताना पुन्हा पावाचा हंस. मग पेपरात बातमी येते, त्याला मृत्युदंड दिल्याची.

मार्जी लहानपणापासून देवाशी गप्पा मारायची. तो आताही समजूत काढायला येतो. ती त्याच्यावर ओरडते, चालता हो म्हणते. पुढच्या चित्रात सगळीकडे काळोख, ग्रहतारे, आणि अधांतरी तरंगणारं एक पोर. या पानाशी मी दरवेळी अडखळते.

काही वर्षांनी शाळेत बाई सांगतात, आता आपल्या देशात राजकीय कैदी उरलेच नाहीत. मार्जी उठून उभी राहते. काकाला कुणी कैद केलं, कुणी मारलं, सगळं भर वर्गात बोलून टाकते. घोषणा नाही, फलक नाही. आपल्या घरात घडलेलं. संध्याकाळी घरी शाळेचा फोन येतो. अटक झालेल्या मुलींचं काय होतं हे आईला ठाऊक असतं. ती लेकीला धरून गदागदा हलवते.

चौदा वर्षांच्या मार्जीला आईबाबा व्हिएन्नाला पाठवतात. एकटीला.

विमानतळावर ती शेवटचं मागे वळून बघते. काचेपलीकडे मार्जी, काचेला टेकलेले तिचे हात. अलीकडे शुद्ध हरपलेल्या आईला उचलून नेणारे बाबा. या चौकटीत कुणाच्याच तोंडी संवादाचा फुगा नाही.