गेल्या दिवाळीचा फ्रॉक

श्रोतेहो, नमस्कार.

इथं इंदूरला, राजवाड्यामागच्या एका वाड्यातल्या आजी सहा वर्षांच्या नातीला माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. "खाते बरी, पण अंगी लागत नाही हो. गेल्या दिवाळीचा फ्रॉक यंदा सैल होतोय." दोनदा दृष्ट काढून झाली होती. खोकला नावालाही नव्हता. मानेत मात्र बोराएवढ्या दोन गाठी, न दुखणाऱ्या. घरात कुणी खोकतं का, विचारलं. "हे खोकतात, पण तो बिडीचा." आजोबांचा तो बिडीचा खोकला दोन महिन्यांचा होता. थुंकी तपासली, टीबी निघाला. पुढच्या तपासणीत नातीलाही तोच.

मुलांचा टीबी असा लपतो. मूल खोकेलच असं नाही. खोकलं तरी बेडका गिळून टाकतं. म्हणून आयांनो, वजनाकडे लक्ष असू द्या. दोन-तीन महिन्यांत ते वाढलं नाही किंवा घटलं, ताप दोन आठवडे हटेना, अंगणात धावणारं पोर भिंतीला टेकून बसू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला टीबी असेल तर हेही सांगा, विचारण्याची वाट न बघता. बीसीजी टोचली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती लस लहानग्यांना टीबीच्या जिवघेण्या प्रकारांपासून बरंच वाचवते, सगळ्या टीबीपासून नाही. आणि तापात मूल गुंगीत जाऊ लागलं, उलट्या सुरू झाल्या, मान ताठली, तर सकाळ होऊ देऊ नका. त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा; मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते.

मोठ्यांचं ओळखणं त्यामानानं सोपं. दोन आठवडे खोकला, संध्याकाळची कसर, घामानं भिजलेली उशी, उतरलेली भूक, सैल झालेला पट्टा. थुंकीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. साधा टीबी सहसा ६ महिन्यांत बरा होतो, मात्र बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडायच्या नाहीत. १८००११६६६६ या मोफत क्रमांकावरही विचारता येतं.

त्या घरी आजोबांची ताटवाटी वेगळी काढली होती. आजोबा माझ्यासमोर रडले. मी सुनेला सांगितलं, भांड्यांनी हा रोग पसरत नाही, खोकल्यातून हवेत पसरतो. ताट परत एकत्र मांडा, बाबांना तोंडावर रुमाल धरू द्या, घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या, आणि ती मधल्या खोलीची खिडकी, कपाटामागे गेलेली, ती आधी मोकळी करा.