गोदावरीची वाळू आणि लाटांचा हिशेब

(दृश्य: पैठण, जायकवाडीची भिंत. पश्चिमेचा जोराचा वारा.)

मराठवाड्याला समुद्र नाही. पण आषाढातल्या वाऱ्यात या भिंतीवर उभं राहिलं, की लाटेचा जोर कळतो. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, जवळपास ५५ किलोमीटर लांब आहे. एवढ्या पाण्यावरून वारा येतो, म्हणून मातीच्या भिंतीला आतून दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर आहे.

लाट काठावर सरळ आली, तर वाळू तिथल्या तिथे मागेपुढे होते. तिरकी आली, तर वाळू काठाकाठानं सरकत जाते. किती सरकते? अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचं ‘सर्क’ सूत्र आजही त्यासाठी वापरतात. फुटणाऱ्या लाटेची उंची दुप्पट झाली, तर वाळू साडेपाच पटींहून जास्त सरकते. कोनाचं प्रकरण त्याहून नाजूक. उथळ पाण्यात लाट काठाच्या दिशेनं वळत येते, त्यामुळे फुटताना तिचा तिरकेपणा थोडाच उरतो. तिथं ५ अंशांऐवजी १० धरले, की उत्तर जवळजवळ दुप्पट! कुणी शेवटच्या घनमीटरपर्यंत आकडा सांगितला, तर तो जरा सैल धरूनच ऐकावा.

खरी मेख पुढं आहे. सूत्र लाटांची ताकद सांगतं. न्यायला वाळू आहे का, हे ते विचारत नाही.

(दृश्य: गोदावरीचं पात्र, वाळूनं भरलेले हायवा.)

ही नदी नांदेड ओलांडून तेलंगणात जाते, आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत तिथल्या लाटा वाळू उत्तरेला रेटतात. काकीनाड्यासमोरचा वाळूचा लांब दांडा असाच उत्तरेकडे वाढला. चेन्नईत बंदराच्या भिंतींनी वाळूची अशीच वाट अडवली: दक्षिणेला मरीना किनारा रुंदावला, उत्तरेला रोयापुरमकडे समुद्र आत आला.

गोदावरीची वाळू मात्र वरच अडते. १९७६ मध्ये जायकवाडीचं लोकार्पण झालं. पुरातली भरड वाळू फुगवट्याच्या शेपटाशी, पाणी संथ होतं तिथं बसते. खाली विष्णुपुरी, श्रीरामसागर, शेवटी दौलेश्वरमचा बंधारा. उरलीसुरली गेवराई, शहागडच्या पट्ट्यातून हायवा उचलतात.

लाटा मात्र तेवढीच वाळू ओढतात. नदीकडून मिळाली नाही, तर किनाऱ्यातून घेतात. त्रिभुज प्रदेशात काही ठिकाणी किनारा मागं हटतोय, त्याचं एक मोठं कारण हेच. म्हणून फुटणाऱ्या लाटेचा कोन मोजणाऱ्यानं दौलेश्वरमखाली नदी दर पावसाळ्यात किती वाळू सोडते, हेही मोजायला हवं.